स्मिता पाटील: आठवण म्हणून आपण नेमकं काय जपतोय?

काटेसावर

काल १३ डिसेंबर, अभिनेत्री स्मिता पाटीलचा स्मृतिदिन. 'निशिगंध' यांनी इथे तिच्यावर चार ओळी टाकल्या: "आज असती तर सत्तरी ओलांडली असती. काय काय केलं असतं तिने! नियतीने घात केला." सोबत 'भूमिका'च्या काळातला कृष्णधवल फोटो, कुठल्याशा ॲपमधून रंगवून काढलेला. खाली जोडलेल्या हातांची रांग. प्रतिसाद तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा.

पहिली हरकत फोटोला आहे. कृष्णधवल फोटोत रंगाची माहितीच नसते, ॲप अंदाजाने रंग भरतं. या ॲपने चेहरा गोरा केला, गालांवर गुलाबी छटा चढवली आणि कातडीचा सगळा पोत पुसून टाकला. सावळा, बिनरंगरंगोटीचा चेहरा हिंदी पडद्याच्या मधोमध आणून उभा केला तो हिने. तिला श्रद्धांजली वाहताना आपण तिलाच गोरी करतो! हे मला सहन होत नाही.

दुसरी हरकत "काय काय केलं असतं" याला. केलेलं केवढं आहे ते तरी बघा. फिल्म इन्स्टिट्यूटमधला पदविका-लघुपट 'तीव्र मध्यम' १९७४ चा आणि ती गेली १९८६ मध्ये. मधली वर्षं बारा. तेवढ्यात मराठीत 'सामना', 'जैत रे जैत', 'उंबरठा'. हिंदीत 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', 'चक्र', 'बाजार', 'अर्थ', 'मंडी'. गुजरातीत 'भवनी भवाई', बंगालीत मृणाल सेनांचा 'आकालेर संधाने', मल्याळममध्ये अरविंदनांचा 'चिदंबरम', सत्यजित राय यांचा 'सद्गती'. 'भूमिका' आणि 'चक्र'साठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. न झालेल्या चित्रपटांसाठी हळहळणाऱ्यांनी झालेल्यांपैकी किती अथपासून इतिपर्यंत पाहिलेत?

निशिगंध

धागा माझ्यावरच आहे, तेव्हा उत्तर देतेच. विशीतली पोरं 'आकालेर संधाने' शोधत येत नाहीत. ती चेहऱ्यावर थबकतात. फोटो म्हणजे दार आहे. तुम्ही दारातच उभं राहून "आधी यादी पाठ करा, मग आत या" म्हणताय. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या बाईसाठी आजही कुणाच्या पोटात कालवतं, यात चूक काय आहे? हळहळ ही परीक्षा नव्हे.

काटेसावर

हळहळीला ना नाही. पण एक चौकट (फ्रेम) उचलायची आणि चित्रपट टाकून द्यायचा, याचा तिला हयातीतच त्रास झाला आहे. 'चक्र'ची आठवण करा. जयवंत दळवींची कादंबरी, रवींद्र धर्मराज यांचं दिग्दर्शन. झोपडपट्टीत राहणारी अम्मा उघड्यावर नळाशी अंघोळ करते, कारण तिथे दुसरी जागाच नाही. चित्रपटात तो प्रसंग गरिबीचा आहे. जाहिरातीच्या फलकावर तीच चौकट एकटी लावली आणि ती अंगप्रदर्शनाची झाली. चौकट तीच, अर्थ पार उलटा. म्हणून म्हणतो, चेहरा संदर्भासकट दाखवा.

तिसरी घंटा

'चक्र'चा मुद्दा मान्य. पण काटेसावर, तुमच्या यादीत 'नमक हलाल' नाही, 'शक्ती' नाही, 'आखिर क्यों?' नाही. हे विसरणं नाही, हे आपल्याकडचं जुनं सोवळं आहे. स्मिता म्हणजे समांतर सिनेमा, बाकीचं पोटापाण्यासाठी. हाच शिक्का ऐकून कान किटलेत!

'उंबरठा' (१९८२) आणि 'आखिर क्यों?' (१९८५) शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आहे आणि दोन्हींत बायको घराबाहेर पडते. 'उंबरठा'तल्या सुलभाकडे विजय तेंडुलकरांची पटकथा आहे, गप्प राहायला जागा आहे. ती थांबते, बघते, मग बोलते. 'आखिर क्यों?'मधल्या निशाला ती मोकळीक नाही. पल्लेदार संवाद, भडक प्रकाश, पार्श्वसंगीताचा मारा. तिथे ती काय करते ते बघा. आवाज चढवायचा त्या जागी खाली आणते, वाक्याचा शेवट गिळत नाही आणि समोरचा बोलत असताना नजर हलू देत नाही. गोंगाटात कमी करून दाखवणं अवघड काम आहे. अभिनय शिकणाऱ्यांनी हे दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहावेत, आधी आवाज बंद करून आणि मग फक्त ऐकून.

काटेसावर

'आखिर क्यों?' मी यादीत घ्यायला हवा होता. 'नमक हलाल'बद्दल मत बदलणार नाही, तिथे तिला करायला काही दिलेलंच नाही.

रीळ क्रमांक नऊ

आवाज बंद करून पाहा, फक्त ऐका, हे सगळं ठीक. पण पाहणार कुठली प्रत? नेटवर फिरणाऱ्या बहुतेक प्रती टीव्हीसाठी ४:३ (रुंदी चार, उंची तीन) चौकटीत उतरवलेल्या जुन्या टेपवरून आल्या आहेत. आजचा पडदा १६:९. मग चढवणारे दोनांपैकी एक पाप करतात.

एक, ताणतात. चित्र एक तृतीयांशाने रुंद होतं, चेहरा फुगीर दिसतो, चाल जड वाटते. ओळखायला सोपं: कपाळावरचं कुंकू बघा. गोल हवं ते आडवं लंबगोल दिसलं की प्रत ताणलेली आहे. ताट, बैलगाडीचं चाक, घड्याळ, कशावरही पारखता येतं.

दोन, कापतात. रुंदी भरायला वरखालचा मिळून चौथा हिस्सा उंची उडवतात. 'उंबरठा'चा शेवट आठवा. आगगाडीचा डबा, सुलभा एकटी, शब्द नाही. चेहऱ्यावर सुटका आहे की सल, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. कापलेल्या प्रतीत कपाळ आणि हनुवटी जाते, उरतात डोळे-नाक. मानेचा ताण दिसतच नाही, आणि ती अर्धं काम मानेने करते.

आवाजाचीही तीच गत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडचा जुना टीव्ही २५ ने. टेपवर उतरवताना सगळं चार टक्क्यांनी पळतं. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी अर्ध्या स्वराहून थोडी कमी, पण कानाला कळेल इतकी वर जाते. स्मिताचा भरीव आवाज पातळ होतो. 'उंबरठा'तलं 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' मूळ ध्वनिमुद्रिकेवर लावा आणि मग चित्रपटातून ऐका, पट्टी जुळत नसेल तर प्रत पळवलेली आहे.

अभिनयावर मत देण्याआधी प्रत तपासा.

निशिगंध

म्हणजे आता कुंकू मोजल्याशिवाय रडायचंही नाही?

रीळ क्रमांक नऊ

रडा. पण कुणाच्या चेहऱ्याकडे बघून रडतोय ते खरं असू द्या.

खानदेशी पाटी

रीळसाहेब, ताणलेली प्रत तरी हाताशी आहे. चांगली प्रत आणायची कुठून? 'मंथन'चं नशीब बघा. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घातले आणि १९७६ साली चित्रपट उभा राहिला. २०२४ मध्ये तो दुरुस्त होऊन फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात दाखवला गेला, मग आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागला. आनंद आहे. पण ज्या भाषेत ती घरी बोलायची त्या भाषेतल्या चित्रपटांची काळजी कोण घेणार?

आणि जाता जाता: दर वेळी "पुण्याची स्मिता" लिहिणाऱ्यांनो, जन्म पुण्याचा खरा, पण घराणं शिरपूरचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील खानदेशातलेच. आमच्या वाट्याला तिचं नावसुद्धा येऊ देत नाही तुम्ही.

रीळ क्रमांक नऊ

'मंथन' जमला कारण मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होतं. आवाज मात्र फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेकडच्या प्रिंटवरून घ्यावा लागला. चित्र एकीकडून, आवाज दुसरीकडून. दोन्हींपैकी एक जरी भंगारात गेलं असतं तर आज दाखवायला काही नसतं.

"दुरुस्त करा" म्हणणं सोपं आहे, म्हणून काम काय असतं ते लिहितो. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे अडीच तासांना १३,५०० फूट. एवढी फिल्म आधी हाताने तपासायची. कडेची फाटलेली छिद्रं सांधायची, जुने जोड सोडवून नवे घालायचे. मग धुवायची, मग स्कॅन. ४के स्कॅनमध्ये एक चौकट साधारण ५० एमबी, चौकटी २ लाख १६ हजार, म्हणजे जवळपास ११ टीबी. हे नुसतं उतरवून घेणं झालं. ओरखडे, डाग, थरथर, रंग हे त्यानंतर.

आणि फिल्म कुणासाठी थांबत नाही. त्या काळची फिल्म ॲसिटेट या प्लास्टिकची. उष्णता आणि दमट हवा मिळाली की ती आंबते, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. सुटलेलं आम्ल पुढची झीज आणखी वाढवतं, फिल्म आक्रसते, वाकडी होते, आणि एक टक्क्याच्या आसपास आक्रसली की साध्या यंत्रावर चढवणंच धोक्याचं. असा डबा इतरांपासून लगेच वेगळा ठेवायचा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. मुंबईतल्या माळ्यावरचा किंवा गोदामातला डबा म्हणजे मरणाची वाट पाहणारा रुग्ण. रंगीत प्रिंटचं तर आणखी वाईट, निळसर रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी उरतं. ते गुलाबी "सुधारताना" मशीनवर सोपवलं की स्मिता पुन्हा गोरी होते. काटेसावरांचा फोटोवरचा राग तिथेही लागू आहे.

तिसरी घंटा

मग रसिकांनी वर्गणी काढून एखादा मराठी चित्रपट का करू नये? 'मंथन' २ रुपयांवर झाला ना?

रीळ क्रमांक नऊ

पैसे ही दुसरी पायरी. पहिली पायरी हक्क. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. 'उंबरठा' १९८२ चा, म्हणजे २०४२ अखेरपर्यंत हक्कदाराच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. आधी हक्क कुणाकडे ते शोधायचं, मग निगेटिव्ह कुठे ते, मग प्रिंट किती आणि कुठल्या अवस्थेत ते, आणि मग पैसे. उलट क्रमाने गेलात तर वर्गणी बँकेत पडून राहते आणि फिल्म डब्यात आंबते.

ओवी

अवांतर वाटेल, पण मूळ वाक्यातल्या एका शब्दावर कुणीच बोललं नाही: "नियतीने". मुलगा २८ नोव्हेंबरला झाला, ती १३ डिसेंबरला गेली. पंधरा दिवस. वय ३१. बाळंतपणानंतरची गुंतागुंत. याला नियती म्हटलं की विषय संपतो आणि पुढच्या बाईच्या तापाकडेही कुणी बघत नाही.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडे धोक्याचेच असतात. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, ओटीपोटात दुखणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, छातीत धडधड, धाप, असंबद्ध बोलणं, एकाएकी वाढलेला रक्तस्राव. यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. "दूध भरून आलंय म्हणून ताप आहे" म्हणत घरी काढे देत बसायचं नाही. जंतुसंसर्ग रक्तात उतरला की हिशेब तासांचा असतो.

निशिगंध

हे वाचून गप्प झाले. "नियती" हा शब्द काढते. खरंच चुकला.

पण काटेसावर, एक तुम्हीही मान्य करा. माझ्या चार ओळी नसत्या तर हा धागाही नसता.

काटेसावर

मान्य. मनापासून नाही, पण मान्य.

खानदेशी पाटी

सुरुवात कुठून करायची ते तरी कुणी सांगा. नव्या पोरांसाठी.

तिसरी घंटा

'मंथन'पासून. दुरुस्त प्रत आहे, लांबी बेताची आहे, आणि तिने केलेल्या बिंदूच्या बोलण्यात जो ताठा आहे तो कळायला काही पार्श्वभूमी लागत नाही. मग 'भूमिका'. तो ज्यावर बेतलाय ते हंसा वाडकरांचं आत्मचरित्र 'सांगत्ये ऐका' आधी वाचलं तर उत्तम, नाही वाचलं तरी चालेल. मग 'जैत रे जैत', फक्त गाण्यांपुरता नाही, चिंधी आणि नाग्या यांच्यासाठी. 'मिर्च मसाला' शेवटी. तो १९८७ मध्ये, ती गेल्यावर प्रदर्शित झाला. विळा घेऊन उभी असलेली सोनबाई आधीचं सगळं पाहून झाल्यावर पाहा.

रीळ क्रमांक नऊ

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र "मूळ आकारात" ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. "झूम", "वाइड" बंद. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद.

निशिगंध

फोटो बदलला. ॲपचा काढून मूळ कृष्णधवल लावला आहे. खाली 'मंथन'चं नाव आणि ओवी यांनी दिलेली लक्षणं लिहिली आहेत. "आज असती तर" मात्र ठेवतेय, ते मी काढणार नाही.

रीळ क्रमांक नऊ

पाहिला. कुंकू गोल आहे.