पुण्यात मॅचच्या दिवशी स्टेडियमजवळ नीट बसून जेवायचं कुठे? लवकर सांगा

मेघना_कोथरूड (शुक्रवार, सकाळी १०:१२)
रविवारी मॅचला चाललोय, चौघं आहोत. आसपास बसून नीट जेवता येईल असं ठिकाण हवंय. नकाशात बघितलं तर चहाच्या टपऱ्या आणि मंगल कार्यालयं, बाकी काही दिसत नाही. तीन हॉटेलांना फोन केले. दोघं म्हणाले मॅचच्या दिवशी टेबल राखून ठेवत नाही, तिसऱ्यानं उचललाच नाही. कोणी गेलं असेल तर जागा आणि रस्ता सांगा. तिकिटं काढून झालीत, तेव्हा "घरीच टीव्हीवर बघा" असं कृपया कोणी लिहू नका.

रावेतकर (१०:३१)
कुठलं स्टेडियम ताई? गहुंजे की बालेवाडी? मॅच दुपारची की संध्याकाळची? गाडीनं येणार की बसनं? व्हेज की नॉनव्हेज? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_पुणेकर (१०:५०)
स्टेडियम म्हटलं की आमच्या पिढीला नेहरू स्टेडियमच आठवतं. जेवणाची चिंताच नसायची. बाहेर पडलं की सारसबाग, तिथली भेळ-पावभाजी, आणि पाय चालत असतील तर सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी (आइस्क्रीम घातलेला मिल्कशेक). २९ फेब्रुवारी १९९६ ला वर्ल्डकपची केनिया-वेस्ट इंडिज मॅच मी तिथेच पाहिली. केनिया १६६ ला आटोपली तेव्हा आम्ही म्हटलं, चला, लवकर सुटणार, संध्याकाळी सारसबागेत बसू. आणि वेस्ट इंडिज ९३ मध्ये ऑल आउट! लारा कीपरच्या हातात झेल देऊन गेला तो क्षण डोळ्यांसमोर आहे. खिशातल्या शेंगदाण्यांची पुडी तशीच राहिली, खायचं भानच नव्हतं.

मेघना_कोथरूड (११:०५)
गहुंजेच हो, क्रिकेटची मॅच आहे, अजून कुठलं असणार! संध्याकाळी ७ ची मॅच. स्वतःची गाडी. काका, आठवण छान आहे, पण मला रविवारचं बघायचंय.

टीटी_बालेवाडी (११:२२)
"अजून कुठलं" असं नाही, बालेवाडीलाही सामने होतात. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल आहे ते. कबड्डी, टेनिस बघायला आम्ही तिथे जातो आणि हायवे ओलांडला की खायला हवं ते मिळतं. लोकांना क्रिकेट सोडून दुसरा खेळ असतो हेच लक्षात राहत नाही, याचं वाईट वाटतं.

रावेतकर (११:४०)
बरं, गहुंजे. मी रावेतलाच राहतो, २०१२ ला स्टेडियम सुरू झालं तेव्हापासून बघतोय. गेटसमोर बसून जेवण्याचं काही नाही. मॅचच्या दिवशी रस्त्याकडेला वडापाव, भुर्जी, भेळेच्या गाड्या लागतात तेवढ्याच. तुम्ही कोथरूडहून चांदणी चौक, मग बायपासनं वाकड, ताथवडे, पुनावळे करत येणार. जेवण रावेत-किवळेतच उरका. मुकाई चौकाच्या आजूबाजूला साधी व्हेज हॉटेलं आहेत, बिर्याणीची आहेत, साउथ इंडियन आहे. पण चारच्या आत. साडेचारनंतर किवळ्यापासून पुढे गाड्या इंच इंच सरकतात आणि पोलीस वळवतील तिकडे जावं लागतं. मग हॉटेल समोर दिसतं, पण गाडी वळवता येत नाही.

मावळचा_गडी (१२:०८)
रावेतला कशाला थांबता? मावळात येताय तर मावळचं खा. जुन्या हायवेनं सोमाटणे फाटा, तळेगाव. चुलीवरची भाकरी, गावरान कोंबडीचा रस्सा आणि इंद्रायणी तांदळाचा भात. तो भात गरम असताना ताटात पडला की वासानंच अर्धं पोट भरतं. किंचित चिकट असतो, रस्सा धरून ठेवतो. आणि एक सांगतो, जेवायला मॅच सुटल्यावर या. सगळा जमाव पुण्याकडे पळतो, तळेगावची बाजू मोकळी असते. तास-दीड तास निवांत जेवा, तोवर पुण्याचा रस्ता रिकामा होतो. मी पाहुण्यांना दरवेळी असंच नेतो.

रावेतकर (१२:१९)
७ ची मॅच सुटेपर्यंत अकरा वाजणार. पार्किंगमधून गाडी निघेपर्यंत साडेअकरा-बारा. त्या वेळी कुठलं स्वयंपाकघर चालू असतं? उगाच लोकांना भलत्या दिशेला पाठवू नका.

मावळचा_गडी (१२:२५)
मॅचच्या दिवशी उशिरापर्यंत चालू ठेवतात, ओळखीचे आहेत माझ्या. आधी फोन करायचा. आणि "भलती दिशा" काय? गहुंजे मावळ तालुक्यातच आहे.

लोकलवाला (१२:४४)
गाडी आणूच नका, निम्मा त्रास तिथेच संपतो. पुणे-लोणावळा लोकलनं देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरा, तिथून रिक्षा. चिंचवडला उतरून नेवाळेंची मिसळ खाऊन पुढची लोकल धरता येते. पीएमपीनं (पुण्याची सिटी बस) मागच्या सामन्यांना मनपा, कात्रज आणि निगडीहून खास बसही सोडल्या होत्या.

मेघना_कोथरूड (१:०२)
लोकल नको, बाबांना इतकी चढउतार जमणार नाही. मिसळही नको, तिखट चालत नाही त्यांना. आणि रात्री बारापर्यंत त्यांना उपाशी ठेवताच येत नाही. संध्याकाळचं जेवण वेळेवरच हवं.

सुगरण_निगडी (१:१५)
थांबा. बाबा बरोबर आहेत हे आत्ता सांगताय. वय काय? "वेळेवरच हवं" म्हणजे शुगर आहे का? इन्सुलिन घेतात? चौघं म्हणजे कोण कोण?

मेघना_कोथरूड (१:२०)
मी, नवरा, लेक (९ वर्षं) आणि बाबा. बाबा ७१. हो, शुगर आहे, सकाळी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन. रात्री साडेआठला जेवतात. आयुष्यभर रेडिओवर कॉमेंट्री ऐकली, मैदानात एकदाही गेले नाहीत. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

सुगरण_निगडी (१:४८)
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं हो. मी डॉक्टर नाही, पण आईची शुगर २२ वर्षं सांभाळली, तेव्हा ऐका. साडेआठला तुम्ही आत असणार. बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. एकदा बाहेर पडलं की परत सोडत नाहीत. आत मिळणार वडा, समोसा, पॉपकॉर्न. म्हणजे जेवण आत जायच्या आधीच व्हायला हवं, आणि त्यासाठी इन्सुलिनची वेळ अलीकडे आणावी लागेल. ती आपल्या मनानं आणायची नाही, आजच डॉक्टरांना फोन करा.

दुसरं म्हणजे, ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. हॉटेलात ऑर्डर देऊन आधीच टोचून घेतली आणि जेवण यायला पाऊण तास लागला, असं आमच्याकडे झालंय. आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. तेव्हापासून नियम केला, पहिला घास हातात घेता येईल तेव्हाच इन्सुलिनचं पेन काढायचं.

पेन गाडीत ठेवून जाऊ नका. बंद गाडीत औषध तापतं आणि वाया जातं. जवळ ठेवा, बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि गेटवर पोलिसांना स्वतःहून दाखवा. ग्लुकोजची पावडर किंवा साखरेची पुडी बाबांच्या स्वतःच्या खिशात हवी, तुमच्या पर्समध्ये नको. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर, आणि १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. बिस्किटावर भागवू नका, त्याला चढायला वेळ लागतो.

अर्धशतक_नाबाद (२:१०)
आतल्या खाण्याच्या भरवशावर खरंच राहू नका. १९ ऑक्टोबर २०२३, भारत-बांगलादेश. वडापावच्या रांगेत उभा होतो, तेवढ्यात आरडाओरडा. हार्दिकच्या पायाला लागलं आणि त्याची उरलेली ओव्हर टाकायला कोहली आला. कोहलीचे ते तीन बॉल माझ्या आयुष्यात पुन्हा बघायला मिळणार नाहीत, आणि मी समोरच्या माणसाची पाठ बघत उभा होतो. रात्री सिक्स मारून शतक आणि मॅच दोन्ही त्यानं एकदम पूर्ण केली, ते मात्र जागेवरून पाहिलं.

वीकेंड_वारी (२:३३)
सरळ सकाळीच लोणावळ्याला जा ना! भुशी डॅम, चिक्की, दुपारी जेवण आणि येताना मॅच. आणि बिअर हवी असेल तर वाकड-हिंजवडीला भरपूर जागा आहेत.

रावेतकर (२:४१)
७१ वर्षांच्या माणसाला आधी लोणावळा फिरवायचा? आणि बिअर कोणी विचारली? परत गाडी चालवत कोथरूडला जायचंय त्यांना.

वीकेंड_वारी (२:४४)
"खायला-प्यायला" म्हटलं की लोक तेही विचारतात, म्हणून लिहिलं.

सुगरण_निगडी (३:०५)
मेघनाताई, माझं ऐका आणि डबा न्या. पार्किंगमध्ये गाडीपाशी साडेपाचला खा, मग शांतपणे आत जा. वेळ तुमच्या हातात राहते, हॉटेलवाल्याच्या नाही.

मेघना_कोथरूड (३:१२)
डब्याचा विचार केला होता. पण खरं सांगू का, आठवड्याचे सहा दिवस ऑफिस करून स्वयंपाक करते. एका रविवारी तरी मला ओट्यापाशी उभं राहायचं नव्हतं. म्हणून हॉटेल विचारत होते.

सुगरण_निगडी (३:२०)
मग करू नका! कोथरूडमध्ये गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. उद्याच सांगून ठेवा. ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं, एक पालेभाजी, लेकीला गुळाची पोळी. दुपारी निघताना उचला. मावळात मावळचं खायला पुन्हा कधीतरी जाता येईल.

मावळचा_गडी (३:२६)
हे मात्र पटलं. आजोबांची वेळ महत्त्वाची. एकच सांगतो, पार्किंग शेतात असतं, तिथून गेटपर्यंत बरंच चालावं लागतं. त्यांना गेटजवळ सोडता येतं का ते तिथल्या पोलिसांना विचारा. ज्येष्ठांसाठी ऐकतात बऱ्याचदा.

मेघना_कोथरूड (सोमवार, सकाळी ९:४०)
सगळ्यांना कळवायचं राहू नये म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी जेवण आणि इन्सुलिन दोन्ही पावणेसहाला घ्यायला सांगितलं. अडीचला निघालो, रावेतला चहा घेतला, साडेचारला पार्किंगमध्ये. ढेकळांचं शेत, गाड्यांच्या धुळीनं सगळं पिवळं. डिकी उघडून त्यात बेडशीट पसरलं, बाबा डिकीच्या कडेवर बसले. भाकरी मऊ राहिली होती, केंद्रातल्या मावशींनी केळीच्या पानात बांधून दिली होती. पिठल्यावर बाबांनी कच्चं तेल मागितलं, ते मात्र आणायचं राहिलं. शेजारच्या गाडीतल्या नगरच्या कुटुंबानं त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीतलं तेल वाढलं. आम्ही त्यांना मेथी दिली.

पेन आणि चिठ्ठी गेटवर दाखवली, एका मिनिटात सोडलं. साडेनऊला शुगर १४२. साखरेची पुडी तशीच परत आली.

मैदान दिसल्यावर बाबा जिन्यावरच थांबले. मागच्यांना जागा द्या म्हणून मी हात धरला, तर म्हणाले, "थांब गं, कॉमेंट्रीत मिडविकेट म्हणतात ते कुठे, ते बघू दे आधी."

रावेतकर (९:५५)
छान झालं. जाताना अडकलात का?

मेघना_कोथरूड (१०:०३)
गाडी शेतातून निघायलाच पन्नास मिनिटं लागली. लेकीला भूक लागली होती, तिला उरलेली अर्धी गुळाची पोळी दिली. पुढच्या वेळी परतीसाठी वेगळा छोटा डबा ठेवणार.