बॉनव्हिलची थरथर : दोष कार्ब्युरेटरचा नाही

एकांनी लिहिलंय की ट्रायम्फची जुनी दोन सिलिंडरची मोटरसायकल बॉनव्हिल टी१२० थरथरते ती दोन कार्ब्युरेटर (इंजिनात हवा-पेट्रोल मिसळून सोडणारे भाग) सिंक, म्हणजे एकमेकांशी जुळवलेले, नसल्यामुळे. सिंक बिघडलं की आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) बिघडतं हे खरंच, पण मूळ कारण क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या फिरत्या दांड्यात, आहे. इंजिन ६४९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७१ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८२ मिमी, क्रँक ३६० डिग्री, म्हणजे दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात, फक्त फायरिंग आळीपाळीने, प्रत्येक फेऱ्यात एक. त्यामुळे आवाज एकसारखा येतो (तो आवाज मला अजून वेड लावतो!) पण बॅलन्सच्या हिशोबाने ते मोठं सिंगल सिलिंडरच, क्रँकचं काउंटरवेट (तोल साधायला लावलेलं वजन) पिस्टनच्या धक्क्याचा थोडाच भाग खाऊ शकतं, बाकीचा सगळा फ्रेममध्ये आणि हँडलमध्ये येतो. १९५९ मध्ये त्यातूनच ६५०० आरपीएमला ४६ बीएचपी काढली, म्हणजे थरथर वाढणारच ना. १९६३ पासून इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये आलं पण क्रँक ३६० डिग्रीचीच राहिली.

नॉर्टन या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या कमांडो मोटरसायकलची क्रँकही ३६० डिग्रीचीच, पण त्यांनी १९६७ मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हात) रबर माउंटवर टांगला, म्हणजे थरथर फ्रेमपर्यंत कमी पोचते. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात हुशार युक्ती तीच, फक्त त्या माउंटचे शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) नीट लावलेले हवेत, नाहीतर गाडी वळणावर डुलते.