चाकण: शिफ्ट बदलताना निरोप चुकतो, काय करावं?

प्रश्न: कारखान्यात आमच्या लाइनवर मराठी, ओडिया, तमिळ, भोजपुरी बोलणारे आहेत. तोंडी निरोपात आकडे आणि वेळा हमखास चुकतात.

उत्तर १: ‘समजलं का?’ विचारू नका, ‘हो’च येणार. निरोप ऐकणाऱ्याकडून परत वदवून घ्या: कुठलं मशीन, किती नग, कधीपर्यंत. ‘दीड’, ‘पावणेतीन’ बंद. फळ्यावर १४:४५ लिहा. हिंदीतलं ‘कल’ तर घातकच, काल की उद्या? तारीख टाका.

उत्तर २: आणि लाइनवर दोन नमुने टांगा, चांगला हिरव्या टॅगचा, खराब लाल. ‘बर राहिलाय’ (बर म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला उरलेली धारदार कंगोरी) सांगण्यापेक्षा खराब नगाच्या कडेवरून बोट फिरवायला द्या (सावकाश, कापतं).

उत्तर ३: जर्मन टीमशी कॉल असेल तर ‘हाल्ब ड्राय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे.