काळ्या मातीची हायड्रोमीटर चाचणी जुळत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला माती-परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. आपली माळव्याची काळी माती ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून बहुतेक सगळीच खाली जाते, त्यामुळे सारी भिस्त हायड्रोमीटरवर (पाण्यात ढवळलेली माती खाली बसत असताना त्या पाण्याची घनता मोजणारं उपकरण; त्यावरून कणांचे आकार काढतात). पण एकाच नमुन्याचे दोन भाग केले तरी २ मायक्रॉनखालच्या चिकणमातीची टक्केवारी वेगळी येते. पहिल्या काही मिनिटांची रीडिंग छान जुळतात; फरक पडतो तो पुढच्या तासांमध्ये.

मातीचे कण सुटे ठेवणारं द्रावण भारतीय मानक आयएस २७२० भाग ४ प्रमाणेच आहे: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ३३ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, त्यातलं १०० मिली. तरी कधीकधी एखाद्या जारमध्ये फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात आणि वर निवळ पाणी दिसतं. मातीत चुनखडी भरपूर आहे, आम्ल टाकलं की फसफसते. चुनखडीतलं कॅल्शियमच कणांना एकत्र चिकटवतंय, असा मला संशय आहे.

अशा मातीला आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुता का? की चुना हाही मातीचाच भाग धरून तसाच ठेवता? आणि द्रावण ताजं किती दिवस चालतं?

दुसरं, तापमान. आमच्याकडे वॉटर बाथ (जार एकाच तापमानाला ठेवणारी पाण्याची टाकी) नाही. पाण्याचा चिकटपणा एका अंशाला साधारण २ टक्के बदलतो, आणि २४ तासांत दिवस-रात्रीचा फरक मोठा असतो. स्टोक्सच्या सूत्रात (कण खाली बसण्याच्या वेगावरून त्याचा आकार काढण्याचं सूत्र) सरासरी तापमान धरलं तर चालेल का?

याच टक्केवारीवरून मातीची ॲक्टिव्हिटी, म्हणजे घराच्या पायाखाली ती किती फुगेल याचा अंदाज बांधतात. लोकांची घरं उभी राहणार आहेत, म्हणून अंदाजपंचे आकडा द्यायचा नाही. काळ्या मातीवर प्रत्यक्ष हात बसलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.