मदत हवी आहे: एका संघाने मध्येच माघार घेतली, तिसऱ्या क्रमांकाचे संघ कसे निवडावेत?

शिट्टीवाले_सर
नमस्कार. सांगली जिल्ह्यातील आमच्या शालेय मुलींच्या फुटबॉल स्पर्धेतून एका संघाने मध्येच माघार घेतली असून, तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची क्रमवारी कशी लावावी यावर आयोजकांचे एकमत होत नाही. उपांत्यपूर्व फेरीच्या जोड्या उद्या दुपारपर्यंत लावायच्या आहेत. स्पर्धेच्या पत्रकात ‘महिला आशियाई चषकाचे नियम लागू राहतील’ एवढे एकच वाक्य आहे. कृपया नेमका नियम सांगावा. ‘समजुतीने घ्या’ हा सल्ला नको, तो सकाळपासून चहाच्या प्रत्येक कपासोबत मिळतो आहे.

निवृत्त_लाइन्समन
सर, गट किती, प्रत्येक गटात संघ किती, आणि माघार घेणारा संघ त्याआधी एखादा सामना खेळला होता का? एवढे कळल्याशिवाय कोणीही दिलेले उत्तर अंदाजाचेच असेल.

रंकाळ्याचा_राइट_आउट
आमच्या कोल्हापुरात एवढा घोळच होत नाही. जो संघ मैदानात उतरत नाही, त्याच्या प्रतिस्पर्ध्याला ३-० अशी पुढे चाल द्यावी आणि विषय संपवावा. तालमींच्या संघांचे सामने पाहत आमचे केस पांढरे झाले आहेत.

शिट्टीवाले_सर
बारा संघ, तीन गट. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम दोन असे आठ संघ पुढे जातात. ‘अ’ गटातील एका संघाच्या सात मुलींना कांजिण्या आल्याने त्यांनी माघार घेतली. त्याआधी ते एक सामना खेळले होते.

निवृत्त_लाइन्समन
आणि त्या सामन्याचा निकाल काय लागला होता? नेमके तेच राहिले.

शिट्टीवाले_सर
क्षमस्व. मिरजेच्या संघाने त्यांना ६-० असे हरवले होते. मिरज ‘अ’ गटात तिसरी आहे. त्यांचे प्रशिक्षक कालपासून गुणपत्रिका हातात धरून ‘सहा गोल केले आहेत, उधार घेतलेले नाहीत’ असे सर्वांना सांगत फिरत आहेत.

गोलफरक_मास्तर
त्यांचे म्हणणे मला पटते. २०१९ च्या महिला विश्वचषकात चिलीला थायलंडवर तीन गोलच्या फरकाने विजय हवा होता. सामना २-० असताना शेवटच्या मिनिटांत मिळालेली पेनल्टी क्रॉसबारवर आदळली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांमधून नायजेरिया पुढे गेली. जिथे एका गोलवर संघ घरी जातो, तिथे सहा गोल पुसून टाकणे हा अन्याय आहे.

निवृत्त_लाइन्समन
मास्तर, उदाहरण खरे आहे, परंतु तेथे कोणीही माघार घेतली नव्हती. आपल्याला हवा असलेला दाखला याच राज्यात घडला आहे. २०२२ चा महिला आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला आणि त्याचा आराखडा हाच होता : बारा संघ, तीन गट. भारताने २० जानेवारीला इराणशी ०-० अशी बरोबरी साधली. त्यानंतर संघात कोरोनाची लागण झाली आणि २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध किमान १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत, म्हणून भारताने माघार घेतली असे मानून त्याचे सामने रद्दबातल ठरवण्यात आले. पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेल्या इराणचा कमावलेला एक गुणही त्यामुळे गेला. पुढे चाल कोणालाही मिळाली नाही.

रंकाळ्याचा_राइट_आउट
म्हणजे ज्यांनी घाम गाळला त्यांचेच नुकसान. तैपेईला ३-० दिले असते तर कोणाचे काय बिघडले असते?

निवृत्त_लाइन्समन
प्रश्न योग्य-अयोग्याचा नाही, पत्रकात कोणता नियम छापला आहे याचा आहे.

शिट्टीवाले_सर
मीही हेच म्हणत होतो. मिरजेचा तो विजय वगळला की त्यांचा एकच गुण उरतो, गोलफरक उणे १. ‘ब’ गटात तिसऱ्या आलेल्या तासगावचे ३ गुण आहेत आणि ‘क’ गटात तिसऱ्या आलेल्या विट्याचेही ३. म्हणजे तासगाव आणि विटा पुढे जातात, बरोबर ना?

गोलफरक_मास्तर
एकाचे दोन सामने आणि दुसऱ्यांचे तीन, ही कसली तुलना? प्रत्येक सामन्यामागे सरासरी गुण काढा.

हौशी_प्रेक्षक
थोडे अवांतर होईल, पण भारतीय मुलींनी ५ जुलै २०२५ रोजी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला, ही गोष्ट आपल्या उद्घाटनाच्या भाषणात होती का? दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते.

निवृत्त_लाइन्समन
सर, आपला हिशेब अर्ध्यावर थांबला आहे. २०२२ मध्ये ‘अ’ गटात तीनच संघ उरल्यामुळे, तिसऱ्या क्रमांकांची तुलना करताना इतर दोन गटांतील चौथ्या संघांविरुद्धचे निकालही धरले गेले नाहीत. थायलंडने इंडोनेशियाला ४-० असे हरवले होते आणि व्हिएतनामने म्यानमारशी २-२ अशी बरोबरी केली होती, ते दोन्ही निकाल बाजूला ठेवले. मग सर्वांचे दोन-दोन सामने झाले आणि तिघांचेही शून्य गुण. थायलंडचा गोलफरक उणे २, व्हिएतनामचा उणे ६ आणि इराणचा उणे १२, म्हणून इराण बाहेर गेला. सरासरीची गरजच पडली नाही. तासगाव आणि विटा यांनी आपापल्या गटातील चौथ्या संघालाच हरवले आहे का, तेवढे पाहा.

शिट्टीवाले_सर
हो. तासगावने ५-० आणि विट्याने २-१. ते सामने वगळले तर दोघांचेही शून्य गुण होतात. तासगाव ०-२ आणि ०-१ असे हरले होते, म्हणजे उणे ३. विटा ०-३ आणि १-२, म्हणजे उणे ४.

निवृत्त_लाइन्समन
मग मिरज आणि तासगाव. एक विचारतो, राग मानू नका. आपण कोणत्या शाळेचे?

शिट्टीवाले_सर
विट्याच्या संघासोबत आलो आहे. आधीच सांगायला हवे होते, पण विचारण्याआधीच कोणी माझी बाजू ठरवून टाकू नये, असे वाटले. राहण्याच्या खोलीतील फळ्यावर आमच्या मुलींनी ‘३ गुण’ लिहून त्याला चौकट केली आहे आणि खाली उपांत्यपूर्व फेरीत कोणाशी गाठ पडेल याचे तर्क मांडले आहेत. २०२२ चा दाखला आज रात्रीच लेखी स्वरूपात आयोजकांकडे देतो. एकच शंका उरते : ‘क’ गटातील चौथ्या संघाच्या मुलींनी आमच्याविरुद्ध स्पर्धेतील त्यांचा एकमेव गोल केला होता. तोही रद्द होतो का?

निवृत्त_लाइन्समन
नाही. तो सामना केवळ तिसऱ्या क्रमांकांच्या तुलनेपुरता बाजूला ठेवायचा आहे. गटाच्या तक्त्यात निकाल २-१ असाच राहतो आणि त्या मुलीचे नाव गोल करणाऱ्यांच्या यादीत राहते. मिरजेचे सहा मात्र जातात. ते त्यांच्या प्रशिक्षकांना तुम्ही सांगू नका, आयोजकांनाच सांगू द्या.