मांजर कबुतराकडे बघून ‘कक-कक’ का करतं?

कोथरूडची चिंगीवाली:
आमची चिंगी गॅलरीच्या जाळीला नाक लावून बसते आणि समोर कबूतर आलं की जबडा थरथरवत ‘कक-कक-कक’ करते. सासूबाईंच्या मते नजर लागलीये. शिवाय अहोंचे मोजे हुंगून तोंड अर्धवट उघडं ठेवून शून्यात बघते. (मोज्यांचा वास बघता मला तिचं काही चुकतंय असं वाटत नाही.) डॉक्टरांना दाखवू का?

पेठेतला बोकेवाला:
नजरबिजर काही नाही. शिकार दिसतेय पण जाळीमुळे हाती लागत नाही, तेव्हा बऱ्याच मांजरांचा असा जबडा वाजतो. माझा बोका तर पालीलाही सोडत नाही. मोज्यांचं म्हणाल तर ती किळस नव्हे. टाळूला, वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे दोन बारीक छिद्रं असतात, ती जेकबसन अवयवापर्यंत (वास ओळखणारा एक खास अवयव) जातात. ओठ वर करून वास तिथे ओढला जातो. दुसऱ्या मांजराच्या मुताचा वास आला तरी हेच. मोज्यांवर पार्किंगमधल्या बोक्याची खूण नाही ना, बघा!

सिंहगड रोड:
पहाटे पाचला सोफ्यावरून उड्या मारते का? तेही नॉर्मल. पहाट आणि तिन्हीसांजा या मांजरांच्या शिकारीच्या वेळा. झोपण्याआधी दोरीने खेळवा, मग खायला द्या.

पेठेतला बोकेवाला:
एक राहिलं. नुसती बसलेली असताना तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली, तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

कोथरूडची चिंगीवाली:
धापा नाहीत. अहोंचे मोजे धुवायला टाकलेत.