वाचनालयात कॉम्प्युटर आहेत पण स्टाफ हात लावत नाही, ट्रेनिंग नेमकं कसं द्यायचं?

कार्यवाह_सातारा
नमस्कार मंडळी. मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे, गेल्या वर्षीच माझ्या गळ्यात पडलंय हे काम. सरकारी अनुदानाच्या अ ते ड वर्गांपैकी ब वर्ग, पुस्तकं साधारण अकरा हजार, स्टाफ तीन जण, ग्रंथपाल ताई, एक लिपिक आणि शिपाई. दोन कॉम्प्युटर आहेत, एक राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या (वाचनालयांना मदत करणारी केंद्र सरकारची संस्था) योजनेतून आलेला आणि दुसरा गावच्या एका मुंबईकराने आईच्या नावाने दिलेला. दोन्हीवर भरतकामाचं कव्हर घातलेलं आहे आणि एकावर तर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी पण आहे, यावरून काय ते समजा.

ट्रेनिंग झालं नाही असं नाही. तीन वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअरवाला आला होता, प्रोजेक्टर लावून दोन तास बोलला, चहा-पोहे झाले, फोटो काढले, सॉफ्टवेअर टाकून गेला आणि ते चालू करायला लागणारा त्याचा तो पेनड्राईव्हसारखा डोंगल कुठंय हे आज कुणालाच माहीत नाही. ताईंना विचारलं तर म्हणतात "त्या दिवशी सगळं समजलं होतं हो, दुसऱ्या दिवशी एकटी बसले तर सुरू कुठून करायचं तेच आठवेना".

इकडे अभ्यासिकेतली पोरं रोज येऊन वायफाय मागतात, प्रिंट मागतात, बायका मोबाईल घेऊन येतात की जरा बघा ना हे काय आलंय, आणि आमचा स्टाफ त्यांना चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवतो. मला वाईट वाटतं, वाचनालयाने हे करायला नको का? की हे आपलं कामच नाही? आधी शिकवायचं काय, शिकवणार कोण, आणि खर्च कशात दाखवायचा, कुणी केलं असेल तर सांगा. कॅटलॉगपासून सुरुवात करू की लोकांच्या मदतीपासून?

कुडाळकडची_ग्रंथपाल
सर, मी स्वतः क वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे, कॅल्क्युलेटर सोडून कशाला हात न लावलेली होते, त्यामुळे तुमच्या ताईंचं वाक्य वाचून हसू आलं आणि गलबलून पण आलं. त्यांना समजत नाही असं नाहीये हो, त्यांना लोकांसमोर चुकायची भीती वाटते. गावात ग्रंथपाल बाई म्हणजे शिकलेली बाई, तिने माऊस हरवल्यासारखा स्क्रीनवर शोधत बसायचं आणि समोर बारावीचा पोरगा हसतोय, कोण करेल?

मी एमएस-सीआयटी केलंय, सर्टिफिकेट फाईलला आहे. जिल्हा ग्रंथालय संघाचा सर्टिफिकेट कोर्स पण केलाय, ड्युईचं वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत, झोपेत विचारा. पण एमएस-सीआयटीत शिकलेलं मेल मर्ज मी आजपर्यंत एकदाही वापरलं नाही आणि काउंटरवर लोक जे विचारतात ते मला कुणीच शिकवलं नव्हतं.

पहिल्यांदा भरतीचा एक मुलगा आला, फॉर्मला फोटो ५० केबीच्या आत पाहिजे म्हणाला. मी काय केलं, वर्डमध्ये फोटो घेतला आणि कोपरा धरून ओढत ओढत तो पोस्टाच्या तिकिटाएवढा केला. म्हटलं झाला लहान! साईट काही घेईना. अजून लहान केला, हरभऱ्याएवढा. तरी नाही. अर्धा तास आम्ही दोघं ते करत होतो आणि तिकडे शेवटची तारीख. डोळ्याला दिसणारा आकार वेगळा आणि फाईलचं वजन वेगळं हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. शेवटी माझ्या भाचीला फोन केला, तिने पेंट उघडायला लावलं, रिसाईज, पिक्सेल, सेव्ह ॲज जेपीजी, दोन मिनिटं. तेव्हापासून ते मी कधी विसरले नाही, कारण ती अडचण खरी होती.

म्हणून माझा सल्ला, आधी काही शिकवू नका. काउंटरवर एक शंभर पानी वही ठेवा आणि पंधरा दिवस कुणी काय मागितलं ते फक्त लिहायचं, जमलं का नाही ते पण. आमच्या वहीत सगळ्यात जास्त काय निघालं सांगू? व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफची प्रिंट. त्याच्या खाली हॉल तिकीट, फोटो-सहीचे केबी, विसरलेला पासवर्ड, सातबारा, मोबाईल भरला म्हणून काय डिलीट करू. पुस्तक ऑनलाईन शोधून द्या असं पंधरा दिवसांत दोघांनी विचारलं फक्त. सात-आठ गोष्टींतच सगळं गाव येतं बघा. मग दर बुधवारी दुपारी वाचनालय बंद असताना दोन तास त्यातली एकच गोष्ट. शिकवणारी माझी भाची. नियम एकच होता, तिचे हात पाठीमागे. माऊस मी धरणार, चुकणार पण मीच. नाहीतर ही पोरं "थांब मावशी मी करते" म्हणतात आणि टकाटक करून मोकळी होतात, आपण नुसतं बघत राहतो.

आणि त्या फुलदाणीची जागा बदला आधी.

एक्सेलबाबा_पुणे
ताईंचं बरोबर आहे पण कॅटलॉग सोडू नका असं मी म्हणेन, वाचनालय आहे शेवटी, नेट कॅफे नाही. मी गावाकडच्या दोन वाचनालयांना फावल्या वेळात मदत केलीय त्यावरून सांगतो.

सॉफ्टवेअर नंतर. पहिलं साधं एक्सेल. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, वर्गांक म्हणजे विषयाचा आकडा, बस. एक नंबरच्या पुस्तकापासून सुरू करू नका, तिथेच सगळे मरतात, पन्नास वर्षांपूर्वीची वाळवी लागलेली पुस्तकं टाईप करत बसतात आणि शंभराव्या नोंदीला उत्साह संपतो. यावर्षी घेतलेली आणि देवघेवीत फिरणारी पुस्तकं आधी. रोज चाळीस नोंदी केल्या तर महिन्याला हजार, तुमचे अकरा हजार वर्षभरात होतात.

दुसरं, टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं, त्यासाठी इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकवा. एका ठिकाणी लिपिकाने चार हजार पुस्तकं कृतिदेवमध्ये टाईप करून ठेवली होती, दुसऱ्या मशीनवर उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, कारण तो फॉन्ट तिथे नव्हता. कन्व्हर्टरने बरंचसं परत आलं पण जोडाक्षरं तपासायला मला तीन रविवार गेले. आणि युनिकोड केलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. "कादंबरी" हा शब्द त्यांच्या यादीत तीन तऱ्हेने होता, कादंबरी, कादम्बरी आणि अनुस्वार एक घर अलीकडे सरकलेली कांदबरी, त्यामुळे फिल्टर लावला की तीन गठ्ठे. सगळ्यात वाईट म्हणजे दऱ्याखोऱ्यातला तो अर्धा र, तो दोन प्रकारे टाईप होतो, स्क्रीनवर हुबेहूब सारखा दिसतो पण कॉम्प्युटरच्या लेखी अक्षरं वेगळी, म्हणजे पुस्तक कपाटात आहे, यादीत पण आहे आणि सर्च म्हणतो नाही. त्यामुळे सुरुवातीलाच एका पानावर ठरवून भिंतीला चिकटवा, आडनाव आधी, मग स्वल्पविराम, साहित्यप्रकार यादीतूनच निवडायचा, हाताने टाईप करायचाच नाही.

एवढं झालं की वाचनालयाची सॉफ्टवेअर आहेत, एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय किंवा फुकट मिळणारं कोहा, एक्सेल स्वच्छ असेल तर त्यात चढवता येतं. कोहाची गोष्ट मला फार आवडते, न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांची जुनी सिस्टीम २००० साल उजाडलं की कोलमडणार होती, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये स्वतःसाठी हे बनवून घेतलं आणि जानेवारी २००० ला चालू केल्यावर जगाला फुकट देऊन टाकलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेटवस्तू, आपल्याकडे आहेर म्हणतो तसं. मोठ्या विद्यापीठात नाही, तिकडच्या गावाकडच्या लायब्ररीत जन्मलेली गोष्ट आहे ही. पण तीन जणांच्या स्टाफने आत्ता त्याच्या नादी लागू नका, सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो.

दप्तर_तपासणी
सगळे शहाणे झाले बोलून, आता जरा कडू ऐका. ३१ वर्षं ग्रंथपाल होतो, आता निवृत्त.

१९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आपला, अभिमानाने सांगतो आपण. ड वर्गाला वर्षाचं अनुदान तीस हजार होतं, २०२२ मध्ये साठ टक्के वाढवलं म्हणजे झाले अठ्ठेचाळीस. त्यातले निम्मे पगाराचे, म्हणजे तेव्हा महिन्याला दोन हजार. दोन हजारात तुम्हाला माणूस देवघेव करणारा पण हवा, इनस्क्रिप्ट येणारा पण हवा आणि लोकांचे फॉर्म भरणारा पण हवा. ब वर्गाचं थोडं बरं आहे, पण फार नाही.

दुसरं, एक्सेलबाबा, तुम्ही चाळीस नोंदी म्हणता. आमच्याकडे सरकारी तपासणीला दाखल नोंदवहीच, म्हणजे आलेल्या पुस्तकांचं हाताने लिहिलेलं रजिस्टरच बघायचे. म्हणजे हाताने लिहायचं ते लिहायचंच आणि वरून टाईप पण करायचं. स्टाफ कॉम्प्युटरला घाबरतो त्याहून जास्त या डबल कामाला कंटाळतो, हे कुणी बोलत नाही. मी काय केलं होतं, एक्सेलमधूनच महिन्याच्या देवघेवीचे आकडे काढायला शिकवलं, जे आधी वहीतून बोटं मोजत दोन दिवस काढायचे. दोन दिवस वाचले म्हटल्यावर लिपिक स्वतःहून टाईप करायला लागला. आधी त्याचं एक काम कमी करा, मग दुसरं द्या.

आणि एकालाच शिकवू नका. आमचा शिकलेला पोरगा सहा महिन्यांत तालुक्याला सेतू केंद्रात गेला, चूक त्याची नाही, तिकडे जास्त मिळत होते. दोघांना शिकवा, आणि दुसरा म्हणून शिपायाला घ्या. हसू नका. सकाळी कुलूप उघडणारा तोच असतो, लोक पहिल्यांदा त्यालाच विचारतात.

कार्यवाह_सातारा
दप्तर काका, पगाराचं पटलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण मंडळाच्या बैठकीत वेतनेतर, म्हणजे पगार सोडून उरलेल्या अनुदानामधून बुधवारच्या दोन तासांचे शिकवणाऱ्या पोरीला काही मानधन आणि स्टाफला त्या तासांचा भत्ता असं मांडून बघतो.

एक भीती आहे. लोकांचे आधार, बँकेचं, ओटीपी, यात काही गडबड झाली तर? गावात नाव जायला वेळ लागत नाही.

कुडाळकडची_ग्रंथपाल
हो सर, ते आधी लिहायला हवं होतं मी. आमची चूक सांगते. २०२४ ला लाडक्या बहिणीचे फॉर्म सुरू झाले तेव्हा नुसती रांग, आम्ही पण उत्साहात भरून दिले. दोन-तीन महिन्यांनी डेस्कटॉप साफ करताना एक फोल्डर सापडलं, त्यात साठ-सत्तर बायकांचे आधार आणि पासबुकाचे फोटो तसेच पडलेले. त्याच कॉम्प्युटरवर अभ्यासिकेतली पोरं बसतात! काही झालं नाही हे नशीब, पण मला रात्रभर झोप लागली नाही. व्हॉट्सॲप वेबचं पण तेच, प्रिंट काढायला लोक लॉगिन करतात आणि तसंच उठून जातात, पुढच्याला त्यांचे सगळे मेसेज दिसतात.

तेव्हापासून आमच्याकडे पासवर्ड आणि ओटीपी ज्याचा त्यानेच टाईप करायचा, आम्ही तोंड दुसरीकडे करतो, आणि म्हातारी आजी असेल आणि म्हणाली "तूच घाल गो बाय" तरी नाही, वेळ लागला तरी तिचं बोट आकड्यावर न्यायचं. माणूस उठायच्या आत लॉगआऊट, डाऊनलोडमधली फाईल त्याच्यासमोर डिलीट, रिसायकल बिन पण रिकामा. बँकेचे पैसे पाठवणं वगैरे आम्ही करतच नाही, सरळ बँकेत जा म्हणतो. पैसे फक्त प्रिंटचे, फॉर्मचे नाही, त्यामुळे बाजूच्या सेवा केंद्रवाल्याशी पण भांडण होत नाही, किचकट फॉर्म आम्ही त्याच्याकडेच पाठवतो. आणि कुणी फसलं असेल तर १९३० नंबर काउंटरवर मोठ्या अक्षरात लावलाय, लगेच फोन करायचा, उद्या बघू नाही.

हे पहिल्याच बुधवारी शिकवा, केबी-बिबी नंतर.

कार्यवाह_सातारा
अपडेट देतो, दहा दिवस झाले. मंडळाने मानधन मंजूर केलं, भत्त्याला दोघांनी विरोध केला, पुढच्या बैठकीत परत मांडणार. वही ठेवलीय. शिपाई मामांनी सगळ्यात जास्त नोंदी केल्यात, काकांचं खरं निघालं. ताईंच्या अक्षरात पहिल्याच पानावर पहिलीच नोंद आहे, "माझ्या स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड, जमलं नाही". तो परवाच्या बुधवारी आम्ही काढला, एक तास गेला, कारण रिकव्हरीला दिलेला मोबाईल नंबर त्यांच्या मिस्टरांच्या जुन्या सिमचा होता.

फुलदाणी आता वृत्तपत्रांच्या टेबलावर आहे. प्रिंटर मात्र दोन वर्षं बंद होता, शाई वाळलीय, कोमट पाण्याने हेड साफ होतं म्हणतात ते खरं आहे का? की नवीनच काट्रिज आणू?